एकाच नावाचे दोन अर्ज

शकू घाडीला त्या आठवड्यात दोन धक्के बसले. पहिला बुधवारी ऑफिसात, दुसरा रविवारी घरात. पहिला तिने स्वतःच ओढवून घेतला होता. दुसराही तिनेच ओढवून घेतला होता, पण हे तिला उशिरा कळलं.

आधी ही शकू कोण ते सांगायला हवं. लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत वाढलेली ही मुलगी. बाप गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर कामाला. आई सुंदराबाई घरात गिरणीतल्या माणसांची खानावळ चालवायची. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला तेव्हा शकू सात वर्षांची होती. संप म्हणजे काय हे तिला भाषणांतून नाही, जेवणाच्या ताटांवरून कळलं. माणसं एकेक करून गावी गेली, आणि गणपती येईतो घरात तिघांचीच ताटं मांडली जाऊ लागली. संप मिटला नाही, तसाच विरून गेला. मग मागावरचा बाप मिरच्या कुटायच्या कांडपावर जाऊ लागला. त्याच्या सदऱ्याचा मिरचीचा वास पुढे कधी गेलाच नाही. शकूला बापाचं भारी कौतुक, पण तो जवळ येऊन बसला की तिला शिंका यायच्या हेही खरं.

दादरच्या एका क्लासात ती कम्प्युटर शिकली आणि त्यातच रमली. दोन हजार अकरा साली ती छत्तीस वर्षांची, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आणि गिरगावात फणसवाडीतल्या एका लहान कंपनीची सगळ्यात जुनी प्रोग्रामर होती. कंपनी म्हणजे कमलाकांत विजयकरांच्या राहत्या घराचा पहिला मजला. विजयकरांच्या चार पिढ्या त्याच घरात झाल्या, आणि घरात चढणाऱ्या प्रत्येकाला ते चपला कुठे काढायच्या ते अजून स्वतः दाखवत.

ही कंपनी रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायची. शकूच्या वाट्याला त्यातला पहाऱ्याचा भाग होता. लॅबमधला प्रत्येक कम्प्युटर नेटवर्कला धड जोडलेला आहे का, वायर निघाली का, वायरलेस लागलं का, पत्ता बदलला का, हे तिच्या प्रोग्रामने ओळखायचं आणि गडबड दिसली की पडद्यावर लाल दिवा दाखवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण लॅबच्या काउंटरवर विंडोज, तपासणी यंत्रापाशी लिनक्स आणि मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर मॅक, आणि तिघांच्या तीन तऱ्हा. चाळीतल्या शेजाऱ्यांसारख्याच म्हणा ना. विंडोज नुसता ओरडून सांगतो की काहीतरी झालंय, आणि दार लावून घेतो. काय झालंय ते तुमचं तुम्ही बघा. लिनक्स तुम्ही नको म्हटलं तरी सगळं बारीकसारीक सांगत बसतो. मॅकला आधीच सांगून ठेवावं लागतं की मला अमुक एवढंच ऐकायचंय, तेवढंच तो सांगतो. शकूने या तिघांना एका ओळीत बसवलं होतं. कुणीही ओरडलं की प्रोग्राम लगेच नेटवर्कला जोडणाऱ्या सगळ्या कार्डांची नव्याने हजेरी घ्यायचा आणि ती जुन्या हजेरीशी ताडून बघायचा. जो गेला तो गेला, जो आला तो आला.

त्यात तिने एक शहाणपणा केला होता. वायरला नुसता धक्का लागला तरी लाल दिवा लागायचा, मग डॉक्टर फोनवर तोंडसुख घ्यायचे. म्हणून तिने प्रोग्रामला शिकवलं की पाच सेकंद थांबायचं. पाच सेकंदांत गेलेला परत आला, तर काही घडलंच नाही असं समजायचं.

त्या बुधवारी सकाळी दादरच्या एका लॅबमधून फोन आला. तपासणी यंत्रावरून चार तास एकही रिपोर्ट बाहेर गेला नव्हता. एका बाईचं ऑपरेशन त्यापायी पुढे ढकलावं लागलं होतं. आणि पडद्यावर दिवा हिरवा. चारही तास हिरवा.

"सर, असं होऊच शकत नाही," शकू विजयकरांना म्हणाली.

"झालंय ना पण," विजयकर म्हणाले. ते कधी आवाज चढवत नसत, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटे. "बाईंचं ऑपरेशन टळलंय, शकुंतला. 'होऊ शकत नाही' हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? तुम्ही तिथे जा आणि शोधून काढा."

दोन दिवस ती लॅबमध्ये ठाण मांडून बसली आणि शुक्रवारी दुपारी तिला सापडलं. दुरुस्तीवाल्याने चालू यंत्राला बाहेरून लावलेलं जुनं नेटवर्क कार्ड उपटून त्या जागी नवं खोचलं होतं. सराईत हाताचं काम, तीन सेकंदांत आटोपलेलं. त्या यंत्रातला लिनक्स जुना. जे कार्ड पहिलं दिसेल त्याला तो पहिलं नाव देऊन टाकायचा, त्यामुळे नव्याला जुन्याचंच नाव मिळालं. शकूच्या प्रोग्रामने हजेरी घेतली. नाव तेच होतं, पाच सेकंदांच्या आत परत आलेलं होतं, म्हणजे काही घडलंच नाही. पण पलीकडे बसलेला राउटर नावाला भीक घालत नव्हता. तो कार्डावर कारखान्यात कोरलेला आकडा बघायचा. हा आकडा त्याच्या यादीत नव्हता, म्हणून तो नव्या कार्डाला दारातूनच परत पाठवत होता, चार तास, मुकाट्याने.

आपण दहा वर्षं नावावरून माणसं मोजत होतो हे शकूला पटेचना. ओरडून सांगणारे तिघंही आपापल्या परीने खरं तेच सांगत होते, ऐकण्यातच चूक होती. तिने त्याच दिवशी हजेरीची पद्धत बदलली. नाव नाही, कोरलेला आकडा बघायचा. नाव तेच आणि आकडा वेगळा दिसला तर एक क्षणही थांबायचं नाही, दिवा लाल.

हा झाला पहिला धक्का.

शनिवारी पोस्टमनने एक सरकारी पाकीट दिलं. गिरणी कामगारांना घरं द्यायचं त्या सुमारास चाललं होतं आणि सगळ्या लालबाग-परळात अर्ज भरायची झुंबड उडाली होती. शकू बापाच्या मागे लागून थकली होती. अप्पा, अर्ज भरूया. बाप ढिम्म. आज नको, बघू, कागद खय आसत, माका घर कित्याक होया. शेवटची तारीख जवळ आली तेव्हा शकूने सरळ अर्ज स्वतः भरला, गिरणीतला तिकीट नंबर एका जुन्या पावतीवरून शोधून घातला आणि गॅसचा कागद आहे असं सांगून बापाची सही घेतली. बापाला सही तेवढी करता यायची, वाचता यायचं नाही. यात तिला काही वावगं वाटलं नाही. म्हातारा हट्टी आहे, घर मिळालं की खूश होईल, एवढाच तिचा हिशेब होता.

पाकिटातल्या पत्रात लिहिलं होतं की राजाराम घाडी या एकाच नावाने आणि एकाच तिकीट नंबरावर दोन अर्ज आले आहेत. दोन्ही अर्जदारांनी येत्या बुधवारी अकरा वाजता हजर राहावं. खोटा अर्ज कोणता याचा उलगडा न झाल्यास दोन्ही अर्ज बाद होतील.

शकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण हा भामटा? अप्पांनी त्या गिरणीत हाडं झिजवली, आणि कोणीतरी ऐतखाऊ त्यांच्या नावावर घर लाटायला निघालाय!

रविवारी सकाळी सुंदराबाई शेगडीशी माशाचं कालवण करत होती. बाप खाली बसून मिरच्यांची देठं काढत होता. सुट्टीच्या दिवशीही त्याला हे काम लागेच. शकूने पत्र वाचून दाखवलं. अर्ज तिने परस्पर भरल्याचंही कबूल करून टाकलं, कारण आता लपवून उपयोग नव्हता. बाप मान खाली घालून देठं काढत राहिला. तो घाबरला असेल असं वाटून ती त्याला धीर देऊ लागली.

"अप्पा, तुम्ही बिनधास्त या बुधवारी. चोर एका मिनिटात पकडला जाईल. आमच्याकडे ह्याच आठवड्यात सेम झालं." आणि तिने त्याला कार्डाची सगळी गोष्ट सांगितली. जुनं गेलं, नवं आलं, नाव तेच लावलं, आणि आपण खुळ्यासारखे हिरवा दिवा बघत बसलो. "नाव काय, कोणी पण लावेल. आतला माणूस वेगळा असला की कुठेतरी पकडला जातोच. तो जो कोण आहे ना, दुसऱ्याच्या नावावर जगणारा, त्याला विचारतील, तुझा साचा कुठला, तुझा मुकादम जॉबर कोण. तोंड बघण्यासारखं होईल त्याचं."

बापाच्या हातातली मिरची तशीच राहिली.

"तो मीच गो," तो म्हणाला.

"काय मीच?"

"दुसऱ्याच्या नावावरचो. मी राजाराम न्हंय. राजाराम माझो दादा. मी बुधाजी."

शकूला आधी हसू आलं. गावी सगळे बापाला बुधो म्हणत हे तिला ठाऊक होतं, पण ते लाडाचं नाव असेल असंच तिने धरून चाललं होतं. आणि बापाच्या थोरल्या भावाला ती जन्मापासून दादाकाका म्हणत आली. त्याचं खरं नाव काय हे तिने कधी विचारलंच नव्हतं. काकाला कुठे नाव असतं? चाळीत बापाला घाडीमामा म्हणत. आई नवऱ्याचं नाव घेत नसे. हसू ओसरलं आणि तिने आईकडे पाहिलं. सुंदराबाईने कालवणात डाव फिरवणं थांबवलं नाही, मान मात्र वर केली नाही. म्हणजे आईला माहीत होतं.

मग बापाने सांगितलं, तुटक तुटक, देठं काढत. एकोणसत्तर साली दादा गिरणीत कायम होता. कापसाच्या धुरळ्याने त्याची छाती गेली, रक्त पडू लागलं. डॉक्टरांनी गावी जायला सांगितलं. जाताना त्याने गिरणीचा बिल्ला धाकट्या भावाच्या हातात ठेवला. बिल्ल्यावर तेव्हा तिकीट नंबर असायचा, फोटो नसायचा. कायमची जागा एकदा घराबाहेर गेली की परत मिळत नाही, मग बदली कामगार होऊन रोज सकाळी गेटवर उभं राहा, कोणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर घरी. त्यापेक्षा बिल्ला घरातच राहिलेला बरा. असं त्या काळी कितीतरी जणांनी केलं. जॉबर गावचाच होता, त्याने दुसऱ्या दिवशी दादाच्या साच्यावर बुधाजीला उभा केला आणि 'राजाराम' म्हणून हाक मारली. सही करायलाही त्यानेच शिकवलं, राजाराम म्हणून.

"तेरा वर्सां," बाप म्हणाला. "मग संप. मग कांडपावर पण तोच नाव सांगलंय. रेशनकार्डार तोच होता."

"आणि दादाकाका?"

"तो बरो झालो. पण परत येवक गावला नाय. त्येचा नाव हय माझ्याकडे होता ना." मग तो म्हणाला, "ह्यो अर्ज माझो नको म्हणान मी तुका सांगत होतंय. मीच दादाक सांगलंय, तू भर. बिल्लो पण मीच गावी धाडलंय. नाव त्येचा, तर घर त्येचा. जल्मभर मी त्येचा नाव खाल्लंय गो."

शकू उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. खाली कोणीतरी कोणाला हाका मारत होतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटत होती आणि बापाचा रागही येत होता, आणि दोन्ही एकत्र आल्यामुळे तिला नीट रडताही येईना. तिने ज्याला भामटा म्हणून शिव्या घातल्या तो दादाकाका होता, आणि ज्याला चोर म्हणाली तो समोर मिरच्या निवडत बसलेला आपला बाप. आणि तिनेच भरलेल्या अर्जापायी आता दादाकाकाचंही घर जायच्या मार्गावर होतं.

"आता काय करायचं?" तिने आत येऊन विचारलं.

"जावन सांगायचा," बाप म्हणाला. "मी राजाराम न्हंय म्हणान."

बुधवारी दादाकाका गावाहून एसटीने आला. सरकारी ऑफिसच्या बाकावर दोघे म्हातारे शेजारी शेजारी बसले. शकूने त्यांना इतक्या जवळ बसलेलं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. नाक तेच, कान तेच. एकाच्या छातीत घरघर, दुसऱ्याच्या डोळ्यांत मिरचीचा लालपणा. दादाकाकाने पिशवीतून खोबऱ्याची वडी काढून भावाच्या हातावर ठेवली आणि भावाने ती खाल्ली.

कारकून चाळिशीतला, भला माणूस होता. दादाकाकाने गावाहून आणलेलं सरपंचाचं पत्र त्याने दोनदा वाचलं. पत्रात लिहिलं होतं की हे दोघे सख्खे भाऊ, थोरला राजाराम, धाकटा बुधाजी. त्याने यादीवरून बोट फिरवलं.

"बुधाजी घाडी. या नावाचा कामगार त्या गिरणीत कधी नव्हताच," तो म्हणाला. कुत्सितपणे नाही, यादीत जे होतं ते त्याने वाचलं.

"पण काम तर यांनीच केलंय ना!" शकूचा आवाज चढला. "तेरा वर्षं! संपात सुद्धा हेच होते. मोर्च्यात लाठी खाल्लीय यांनी, आईने हळद भरलेली आठवते मला!"

"असेल ताई. पण माझ्याकडे ते कुठे दिसतंय?"

दादाकाका खुर्चीत पुढे सरकला. "दोघांका अर्धा अर्धा नाय व्हवचा? पहिली नव वर्सां माझी, मागली तेरा ह्येची. सायेब, खरा ता सांगतंय."

"आजोबा, असं कुठे लिहून दिलंत ना, तर तुमचाही अर्ज बाद होईल," कारकून हळू आवाजात म्हणाला. "वर कागद जायच्या आधी यांनी आपला अर्ज मागे घ्यावा. मी राजाराम नाही, चुकून अर्ज गेला, एवढंच. मग एकच अर्ज राहील आणि मला काही विचारावं लागणार नाही."

कारकुनाने तसं लिहून दिलं आणि बापाने लगेच पेन मागितलं. कागदावर झुकून, जीभ दातांत धरून त्याने सावकाश सही केली आणि कागद पुढे केला. कारकुनाने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सही 'राजाराम घाडी' अशी होती.

"अहो, मी राजाराम नाही असं लिहिलंय वर, आणि खाली राजाराम?"

बेचाळीस वर्षांत बापाच्या हाताला एवढंच लिहायचं ठाऊक होतं. स्वतःचं नाव त्याने कधी लिहिलंच नव्हतं, शिकवलंच नव्हतं कोणी. शकू म्हणाली, "मी लिहून देते अप्पा, तुम्ही त्याच्यावरून गिरवा." त्याने नको म्हणून मान हलवली. कारकुनाने दुसरा कागद काढून तोच मजकूर लिहिला, शाईचा पॅड पुढे सरकवला आणि बापाने त्यावर अंगठा उठवला.

"अंगठ्याला साक्षीदार लागतो," कारकून म्हणाला. "ओळखणारं कोणीतरी. तुम्ही करा ताई. ओळखपत्र द्या. नातं काय?"

"मुलगी," शकू म्हणाली.

कारकुनाने कार्ड घेतलं. शकुंतला राजाराम घाडी. त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं, मग अंगठ्याच्या कागदाकडे, मग दोन्ही म्हाताऱ्यांकडे.

"असं नाही लिहिता येणार. राजाराम म्हणजे हे," त्याने दादाकाकाकडे बोट केलं. "तुम्ही यांच्या मुलगी. मग हे तुमचे काका."

"आवो, ता त्येचा चेडू," दादाकाका कळवळून म्हणाला. "माका चेडू नाय. ता त्येचाच."

"आजोबा, मला कळतंय हो. पण मुलगी लिहिलं तर हे राजाराम ठरतात, आणि मग आपण जे सगळं केलं ते फुकट. तुमचं घर जाईल."

शकूने बापाकडे पाहिलं. तो अंगठ्याची शाई केसांना पुसत होता. तिला वाटलं तो काहीतरी म्हणेल, निदान एकदा मान वर करेल. त्याने वर पाहिलं, पण तिच्याकडे नाही, कारकुनाकडे.

"लिवा सायेब," तो म्हणाला.

कारकुनाने नात्याच्या रकान्यात 'पुतणी' असं लिहिलं आणि कागद शकूपुढे सरकवला. तिने सही केली.